‘इजिप्त’ बोटीचें सोनें आणि आपले खलाशी

अहमदनगर, ज्याला आतां आपण अहिल्यानगर म्हणतों, तो जिल्हा दर्यापासून दूर, सह्याद्रीच्या पाठीशीं वसलेला आहे. पावसाचे ढग अकोल्याच्या डोंगरांवर आपलें ओझें उतरवितात आणि शेवगांव, पाथर्डी, जामखेड या बाजूस येईपर्यंत रिकामे होतात. आमच्याकडे पाण्याची गोष्ट निघाली म्हणजे ती बहुधा नसलेल्या पाण्याची असते. अशा मुलखांतील मनुष्यानें समुद्राच्या तळाविषयीं बोलावें हें कोणास चमत्कारिक वाटेल. परंतु इतिहासाला तालुक्याच्या शिवा अडवीत नाहींत. फ्रान्सच्या किनाऱ्यापलीकडे, चारशें फूट खोल व थंडगार पाण्याखालीं दहा वर्षें पडून राहिलेल्या एका बोटीशीं आपला संबंध तीन प्रकारांनीं येतो. तिच्यांतील सोनें मुंबईस यावयाचें होतें. तिच्यांतील नोटा गोदावरीच्या पलीकडे, हैदराबादच्या निजामाच्या राज्यांत चालावयाच्या होत्या. आणि तिच्यावर राबणारे बहुसंख्य लोक आपल्याच देशाचे होते. ‘इजिप्त’ हें त्या बोटीचें नांव. तिचें सोनें वर कसें आलें, आणि तें वर येतांना कोणत्या गोष्टी तळाशींच राहिल्या, हें आज आपणांस थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

पी. अँड ओ. कंपनीची ही बोट १८९७ सालीं स्कॉटलंडांतील ग्रीनॉक येथें बांधली गेली. तिचें मान सुमारें आठ हजार टनांचें होतें. विलायत आणि हिंदुस्थान यांच्या दरम्यान डाक, उतारू व माल यांची नेआण करणें हें तिचें काम. १९ मे १९२२ रोजीं ती लंडनजवळच्या टिलबरी बंदरांतून मुंबईस येण्यासाठीं निघाली. तिच्यावर ४४ उतारू आणि २९४ नोकर, मिळून ३३८ माणसें होतीं. उतारू इतके थोडे असले तरी माल मात्र भारी होता. बोटीच्या पोटांतील मजबूत कोठडींत हजाराहून अधिक सोन्याच्या लगडी, बाराशेंहून अधिक चांदीच्या लगडी आणि सुमारें १ लक्ष ६६ हजार सॉव्हरिन नाणीं, म्हणजे ज्यांना आपल्याकडे लोक गिन्न्या म्हणत तीं, ठेविलेलीं होतीं. त्या वेळच्या भावानें ही दौलत दहा लक्ष पौंडांहून अधिक होती.

दुसऱ्या दिवशीं, म्हणजे २० मे रोजीं, फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांताच्या टोकापुढील उशंट बेटाजवळून जात असतां बोटीस दाट धुक्यानें गांठलें. सायंकाळीं सातच्या सुमारास ‘सेन’ नांवाची एक फ्रेंच मालबोट त्या धुक्यांतून अकस्मात् पुढें आली. बर्फाच्या समुद्रांत चालतां यावें म्हणून तिचें नाळेकडील टोक मुद्दाम बळकट केलेलें होतें. तें टोक ‘इजिप्त’च्या डाव्या कुशींत कुऱ्हाडीसारखें घुसलें. वीस मिनिटांच्या आंत ‘इजिप्त’ बुडाली. वांचलेल्यांस ‘सेन’ बोटीनेंच उचलून ब्रेस्ट बंदरांत नेलें. ८६ माणसें दगावलीं, आणि त्यांतील बहुतेक नोकरवर्गांतील होतीं.

हा नोकरवर्ग कोण होता, हें समजून घेतल्यावांचून पुढची कथा अपुरी राहील. त्यांतील बहुसंख्य लोक हिंदी होते. इंग्रजी कागदपत्रांत त्यांना ‘लस्कर’ म्हणत. मुंबईशीं संबंध असलेल्या पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर कामाची वांटणी सामान्यतः ठरलेली असे. डेकवरील खलाशी बहुधा रत्नागिरीकडच्या खाड्यांवरचे कोंकणी मुसलमान, किंवा गुजरात-काठेवाडच्या किनाऱ्याचे. भट्ट्यांपुढें कोळसा ओढणारे बरेचसे पंजाब व सरहद्दीकडचे. आणि स्वयंपाक व उतारूंची सरबराई यांसाठीं गोमंतकांतील ख्रिस्ती. खलाशांवर त्यांचाच सारंग, आणि सारंगाच्या हाताखालीं तांडेल. सारंग पुष्कळदां आपल्या गांवचीं व नात्यांतील माणसें भरती करी. म्हणून एखादी बोट बुडाली म्हणजे दूर कोंकणांतल्या एकाच वाडींत कित्येक घरांत एकदम रडारड सुरू होण्याचा संभव असे. त्यांचा पगार त्याच कामाच्या गोऱ्या खलाशाच्या मानानें फार थोडा होता, आणि बोटीवर निजावयास मिळणारी जागाहि कायद्यानेंच कमी ठरवून दिलेली होती.

अपघाताची वार्ता विलायतेच्या वर्तमानपत्रांत आली तेव्हां या हिंदी खलाशांवर दोषारोप झाले. ते घाबरले, होड्यांकडे धांवले, त्यांनीं शिस्त मोडली, असें छापून आलें. गोंधळ मुळींच झाला नाहीं असें मीं म्हणणें बरोबर होणार नाहीं. साक्षींत तो आलेला आहे. परंतु बोट एका कुशीवर कलत असतां, धुक्यांत, वीस मिनिटांच्या अवधींत माणसें कशीं वागतात हें त्यांना आधीं काय शिकविलें आहे यावर अवलंबून असतें. आणि होड्यांची कवायत घेणें हें खलाशाचें काम नव्हे, तें अधिकाऱ्याचें. चौकशी न्यायालयानेंहि अधिकाऱ्यांस मोकळें सोडलें नाहीं. कप्तानाचें प्रमाणपत्र कांहीं आठवडे स्थगित करण्यांत आलें. न्यायालयाचा निर्णय सावकाश येतो आणि वर्तमानपत्राची आरोळी त्याच दिवशीं येते. लोकांच्या मनांत यांपैकीं काय राहतें, हें आपण सर्व जाणतां.

इकडे विम्याचा व्यवहार मात्र विलंब न लागतां पुरा झाला. लंडनच्या लॉइड्स संस्थेंतील विमेवाल्यांनीं सोन्याची भरपाई चुकती केली, आणि तेव्हांपासून समुद्रतळावरील तें सोनें त्यांच्या मालकीचें झालें. ही कायद्याची बाब श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिच्याशीं आपल्याला काम पडणार आहे.

आतां त्या खोलीचा विचार करूं. चारशें फूट हा आंकडा उच्चारावयास सोपा आहे, परंतु मनांत भरत नाहीं. आपल्या जिल्ह्याचें माप लावून पाहूं. प्रवरा नदीवरील भंडारदऱ्याच्या विल्सन धरणाचें काम १९१० सालीं सुरू झालें आणि १९२६ सालीं पुरें झालें. ‘इजिप्त’ बुडाली त्या वर्षीं तें धरण अजून चढत होतें. त्याची उंची सुमारें २७० फूट आहे. ज्यांनीं त्याच्या पायथ्याशीं उभें राहून वर पाहिलें असेल त्यांना ही उंची सांगावी लागणार नाहीं. आतां त्या धरणावर त्याच्या निम्म्या उंचीचें दुसरें धरण चढविलें आहे आणि तें कांठोकांठ भरलें आहे अशी कल्पना करावी. त्या पाण्याच्या तळाशीं जी खोली होईल, तितक्या खोलीवर ‘इजिप्त’ जाऊन बसली होती. दर्यावर्दी भाषेंत ही खोली सहासष्ट-सदुसष्ट वांव होते.

इतक्या खोलीवर पाण्याचा दाब दर चौरस इंचास सुमारें १७५ पौंड असतो. उन्हाळ्याच्या दिवसांतहि तेथील पाणी दहा-बारा अंशांपलीकडे फारसें तापत नाहीं. म्हणजे मार्गशीर्षांतील पहांटे आपल्याकडच्या विहिरीचें पाणी ऊबदार वाटावें इतकें तें गार. वर उजेड असला तरी खालीं संधिप्रकाश. त्यांतच उशंटच्या आसपासचे भरती-ओहोटीचे प्रवाह अतिशय जोराचे, आणि अटलांटिक महासागराच्या लाटा अखंड येणाऱ्या. वर्षांतून थोडे महिने, आणि त्या महिन्यांतहि थोडेच दिवस, तेथें बोट स्थिर ठेवून काम करतां येई.

त्या काळचा पाणबुड्या रबरी पोषाख घालून, डोक्यावर तांब्याचें शिरस्त्राण चढवून उतरत असे, आणि वरून पंपानें त्याला हवा पुरविली जाई. या पद्धतीला खोलीची मर्यादा होती. भोंवतालच्या पाण्याचा जितका दाब, तितक्याच दाबाची हवा त्याला घ्यावी लागते. अशा हवेंतील नायट्रोजन वायू खोलीवर दारूसारखी गुंगी आणतो. शिवाय तो रक्तांत व मांसांत विरघळून राहतो. पाणबुड्या घाईनें वर आला तर सोड्याच्या बाटलीची गोटी दाबतांच जसे बुडबुडे उसळतात, तसे ते त्याच्या शरीरांत उसळतात, आणि सांधे धरतात, पक्षाघात होतो किंवा प्राणहि जातो. पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञानें याची कारणमीमांसा १८७८ सालीं प्रसिद्ध केली. पुढें जॉन स्कॉट हॉल्डेन यानें शेळ्यांवर प्रयोग करून, पाणबुड्यानें कोणत्या खोलीवर किती थांबत थांबत वर यावें याचीं कोष्टकें १९०८ सालीं छापलीं. त्या प्रयोगांच्या वेळीं, १९०६ सालीं, इंग्रज आरमाराचे पाणबुडे स्कॉटलंडच्या गार पाण्यांत २१० फुटांपर्यंत गेले होते.

हीं कोष्टकें हाताशीं होतीं म्हणूनच दुसरें एक मोठें काम होऊं शकलें. जानेवारी १९१७ मध्यें आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ ‘लॉरेंटिक’ नांवाची बोट ३,२११ सोन्याच्या लगडींसह बुडाली होती. आरमाराच्या पाणबुड्यांनीं १९२४ पर्यंत खपून त्यांतील ३,१८६ लगडी हातांनीं वर काढल्या. परंतु ‘लॉरेंटिक’ सुमारें १३० फुटांवर होती. ‘इजिप्त’ तिच्या तिपटीनें खोल. तेथें रबरी पोषाखांतील मनुष्य पाठविणें म्हणजे त्याला मरणाच्या हवालीं करणें होतें.

हें अवघड काम इटलींतील जिनोआ शहरच्या ‘सोरिमा’ नांवाच्या कंपनीनें अंगावर घेतलें. जिओव्हानी क्वालिया हा तिचा चालक, आणि अल्बेर्तो जान्नी हा तिचा मुख्य पाणबुड्या. कंपनीजवळ ‘आर्तिल्यो’ आणि ‘रोस्त्रो’ यांसारख्या जुन्या, लहान, मासेमारीच्या जातीच्या बोटी होत्या. करार असा होता कीं, सोनें निघालें तर त्यांत वांटा; न निघालें तर झालेला सर्व खर्च कंपनीच्या माथीं.

जान्नीच्या युक्तीचें मर्म असें होतें. मनुष्याला दाबाखालीं न्यावयाचें नाहीं. तो बंद पोलादी पिंपांत बसावा, आंत साधी हवा असावी, आणि दाब पोलादानें सोसावा. हें पिंप माणूस जेमतेम उभा राहील इतकेंच रुंद होतें. भोंवतीं जाड कांचेच्या खिडक्या, आणि वर बोलावयास टेलिफोन. आंतील मनुष्याला हातानें कांहींच करतां येत नसे. तो फक्त पाही आणि बोले. ‘पुढें घ्या, मागें घ्या, एक हात डावीकडे, आतां सोडा’ असें तो सांगे, आणि वर बोटीवरील माणसें त्याप्रमाणें यारीच्या सांखळीला बांधलेला मोठा लोखंडी पंजा हालवीत, किंवा सुरुंगाचीं नळकांडीं नेमक्या जागीं ठेवीत. एकाचे डोळे चारशें फूट खालीं आणि दुसऱ्याचे हात वर, असा हा व्यवहार होता. पिंपांतील मनुष्य गारठून जाई, पाय हलवावयास जागा नसे, आणि वर लाट आली कीं पिंपासहित तो खालीं हिंदकळे.

पण आधीं बोट सांपडली पाहिजे. ती नेमकी कोठें बुडाली याविषयीं मिळालेल्या माहितींत मेळ नव्हता. १९२९ च्या उन्हाळ्यांत शोध सुरू झाला. दोन बोटींमध्यें लांब पोलादी तार बांधून ती तळावरून ओढीत न्यावयाची, आणि कोठें अडकली तर तेथें पिंप सोडून पाहावयाचें, असा क्रम होता. श्रोत्यांस गंमत वाटेल, परंतु त्या खटाटोपांत एक कापुशिन पंथाचा साधूहि बोटीवर होता, आणि हातांत काठी धरून तो सोन्याची जागा सांगत असे. आपल्याकडे विहीर खणण्यापूर्वीं पाणाड्याला बोलावितात त्यांतलाच हा प्रकार! अखेरीस बोट सांपडली ती त्या चिकाटीच्या तारेनें, १९३० च्या ऑगस्टच्या शेवटीं. ‘लंडन टाइम्स’चा बातमीदार डेव्हिड स्कॉट या मोहिमेंत बोटीवर राहत होता, त्याच्या लेखांनीं व पुस्तकांनीं ही कथा जगभर गेली.

हिंवाळ्यांत उशंटजवळ काम करणें अशक्य होतें. म्हणून त्या वर्षाच्या अखेरीस ‘आर्तिल्यो’ फ्रान्सच्या किनाऱ्याजवळचें एक सोपें काम उरकावयास गेली. पहिल्या महायुद्धांत, १९१८ सालीं, ‘फ्लॉरेन्स एच.’ नांवाची दारूगोळ्यानें भरलेली अमेरिकन बोट तेथें बुडाली होती, आणि तिचा सांगाडा वाटेंतून काढावयाचा होता. सुरुवातीस इटालियन लोक सुरुंग लावून पुष्कळ दूर जाऊन थांबत. वारंवार सुरुंग उडाले आणि तो जुना दारूगोळा पेटला नाहीं. मग तो पाण्यानें निकामी झाला असावा असें वाटूं लागलें, आणि दूर जाण्याचें अंतर हळूहळू कमी होत गेलें. ७ डिसेंबर १९३० रोजीं सुरुंगाबरोबर तो सगळा सांठा उडाला. ‘आर्तिल्यो’ फुटून बुडाली. जान्नी, फ्रांचेस्की आणि बार्जेल्लिनी हे तीनहि नामांकित पाणबुडे, आणि त्यांबरोबर बोटीवरील बरेच लोक मृत्युमुखीं पडले. चारशें फुटांच्या काळोखांत ज्यांनीं एक चूक होऊं दिली नाहीं, त्यांना उथळ पाण्यांतील संवयीनें गिळलें. संकट शंभर वेळां टळलें म्हणजे तें नाहींसें झालें असें मनुष्याला वाटतें. आमच्या गांवांत खोल विहिरींत सुरुंग लावणाऱ्यांच्या घरच्या लोकांना या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाहीं.

कंपनीनें काम सोडलें नाहीं. दुसरी बोट घेऊन तिलाहि ‘आर्तिल्यो’ हेंच नांव दिलें, आणि १९३१ मध्यें उरलेले लोक पुन्हां उशंटला गेले. सोन्याची कोठडी बोटीच्या पोटांत, वरच्या कित्येक मजल्यांखालीं होती. एकेक मजला सुरुंगानें फोडावयाचा आणि पंजानें ते पत्रे ओढून बाजूस टाकावयाचे, असें काम सबंध हंगाम चाललें. कप्तानाची तिजोरी वर आली, परंतु सोन्यापर्यंत पोंचण्याआधीं हिंवाळा आला.

१९३२ च्या हंगामांत पंजा अखेर कोठडींत शिरला. त्यानें वर आणलेल्या पहिल्या वस्तूंत कागदाचे ओले गठ्ठे होते. त्या हैदराबाद संस्थानच्या नोटा होत्या. विलायतेंत छापून त्या निजामाच्या सरकाराकडे पाठविल्या जात होत्या. श्रोतेहो, भंडारदऱ्याहून निघालेली प्रवरा नेवासें तालुक्यांत प्रवरासंगमास गोदावरीला मिळते. त्या काळीं अलीकडचा कांठ इंग्रजांचा, पलीकडचा निजामाचा. अलीकडे कलदार रुपया, पलीकडे हाली. नदी ओलांडून बाजारास जाणाऱ्या शेतकऱ्याला नाणें बदलून घ्यावें लागे. त्या पलीकडच्या कांठावर ज्यांनीं हातोहात फिरावयाचें, ते कागद दहा वर्षें अटलांटिकच्या तळाशीं भिजत पडले होते. आज त्यांतील कांहीं नोटा जुन्या नाण्यांचे शौकीन जपून ठेवितात.

२२ जून १९३२ रोजीं पंजाबरोबर सोनें आलें. आधीं थोडीं नाणीं, मग लगडी. ‘आर्तिल्यो’ तें घेऊन इंग्लंडच्या प्लिमथ बंदरांत गेली. पुढील हंगामांत आणखी निघालें, आणि १९३५ पर्यंत काम करून कंपनीनें बहुतेक सर्व दौलत वर आणली. मनुष्यबुद्धीचा हा विजय खरोखर थोर होता, आणि त्याची किंमत जान्नी व त्याचे सोबती यांनीं मोजली होती, हें कोणीं विसरूं नये.

परंतु तें सोनें गेलें कोठें? मुंबईस नव्हे. मघां सांगितलेली विम्याची बाब येथें लागू होते. ज्यांनीं भरपाई दिली ते विमेवाले आणि ज्यांनीं तें काढलें ते कंत्राटदार यांच्यांत त्याची वांटणी झाली. त्यांत अन्याय होता असें मी म्हणत नाहीं. पण त्याच वेळीं उलट दिशेनें काय चाललें होतें तें पाहावें. १९२९ नंतरच्या जागतिक मंदींत आपल्या शेतमालाचे भाव कोसळले. सारा व सावकाराचें व्याज मात्र तेवढेंच राहिलें. २१ सप्टेंबर १९३१ रोजीं इंग्लंडनें सुवर्णचलन सोडलें, रुपया पौंडाशीं जखडलेला राहिला, आणि सोन्याचा रुपयांतील भाव चढला. मग खेडोपाडीं लोकांनीं घरचें सोनें मोडावयास काढलें. पुतळ्यांची माळ, बोरमाळ, पाटल्या हे डाग सराफाच्या तराजूंत पडले, मुंबईच्या बाजारांत त्यांच्या लगडी झाल्या, आणि त्या लगडी बोटींत चढून लंडनकडे गेल्या. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत याला अडचणीचें सोनें म्हणतात.

म्हणजे १९२२ सालीं लंडनहून मुंबईस निघालेलें सोनें समुद्राच्या तळांतून निघून १९३२ सालीं लंडनला परत गेलें, आणि त्याच १९३२ सालीं आपल्या बायाबापड्यांच्या अंगावरचें सोनेंहि त्याच वाटेनें गेलें. एका सोन्यासाठीं पोलादी पिंप, सुरुंग व शूर पाणबुडे लागले. दुसऱ्यासाठीं एक वाईट वर्ष पुरलें. पहिल्याचीं छायाचित्रें जगांतील वृत्तपत्रांत आलीं. दुसऱ्याची आठवण आजीच्या रिकाम्या डब्यापुरती राहिली.

पाण्याखालच्या विद्येनें यानंतर मोठी मजल मारली. १९३९ च्या जूनमध्यें ‘थेटिस’ ही इंग्रजांची पाणबुडी लिव्हरपूलच्या उपसागरांत बुडून ९९ माणसें गेलीं. तेव्हां शेळ्यांवर प्रयोग करणाऱ्या हॉल्डेनचा मुलगा, जे. बी. एस. हॉल्डेन, यानें दाब आणि थंडी यांचे प्रयोग स्वतःच्या देहावर केले; बर्फाच्या पाण्यांत बसून दहा वातावरणांचा दाब सोसला. हाच शास्त्रज्ञ पुढें आपल्या देशांत येऊन राहिला, येथील नागरिक झाला आणि १९६४ सालीं भुवनेश्वर येथें वारला. १९४३ सालीं फ्रान्समध्यें कूस्तो व गान्यां यांनीं पाठीवर बांधावयाच्या हवेच्या नळकांड्यांची योजना यशस्वी केली, आणि पाणबुड्याची वरच्या नळीपासून सुटका झाली. नायट्रोजनचा कांहीं भाग काढून त्याऐवजीं हेलियम मिसळला तर गुंगी टळते, हेंहि सिद्ध झालें. आज अशीं मिश्र वायूंचीं नळकांडीं घेऊन, जाड ऊबदार पोषाख घालून, हौशी मंडळी भाड्याची बोट ठरवितात आणि उत्तरेच्या गार समुद्रांत तीनशें-चारशें फूट खोल बुडालेल्या बोटी पाहावयास जातात. तळाशीं कांहीं मिनिटें, आणि वर येतांना टप्प्याटप्प्यानें कित्येक तास, असा त्यांचा हिशोब असतो. तो हिशोब मुळांत हॉल्डेनच्या शेळ्यांवरूनच आलेला आहे. आपल्याकडे मालवण-तारकर्लीच्या ऊबदार व उथळ पाण्यांत आज शहरांतून आलेली मुलेंहि तासाभराच्या शिकवणीनंतर समुद्राचा तळ पाहून येतात. ज्या किनाऱ्यानें परक्यांच्या बोटींस खलाशी पुरविले, त्या किनाऱ्यावरील तरुण आतां पाहुण्यांचा हात धरून त्यांना पाण्याखालीं नेतो, ही समाधानाची गोष्ट आहे.

आतां जें सांगण्यासाठीं मीं हा विषय घेतला, तें सांगतों. ‘इजिप्त’ बोटीचा इतिहास सांगतांना तो प्रायः सोन्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. लगडी किती, नाणीं किती, कोणत्या वर्षीं किती निघालीं, हें कोणीहि सांगेल. ८६ माणसें गेलीं हेंहि एका वाक्यांत येतें, आणि त्यापुढें खलाशांच्या गोंधळाचें दुसरें एक वाक्य येतें. सोन्याचा हिशोब शेवटच्या नाण्यापर्यंत पोंचला, कारण त्याचा विमा उतरलेला होता आणि त्याला मालक होता. कोळशापुढें उभा असलेला मनुष्य, ताटें उचलणारा मनुष्य, धुक्यांत पहाऱ्यावर असलेला मनुष्य, यांचा हिशोब एका आंकड्यापाशीं थांबला. चारशें फुटांवरून नोटांचा ओला गठ्ठा वर आणण्याइतकी चिकाटी मनुष्यांत आहे. तीच चिकाटी जर माणसांच्या आठवणीसाठीं खर्च केली, तर ती आठवण इतकी खोल जाणार नाहीं.

हें काम सरकारचें किंवा पंडितांचेंच आहे असें मला वाटत नाहीं. कोंकणांत व गोमंतकांत अशीं घरें असतील कीं ज्यांत पणजोबा आगबोटीवर होते एवढेंच सांगितलें जातें. त्या घरांतील जुना दाखला, बोटीवरच्या नोकरीची वही, एखादें पत्र हें सर्व अजून पेटींत असूं शकेल. आणि आमच्या जिल्ह्यांत अशीं घरें आहेत कीं ज्यांत मंदीच्या सालीं कोणता दागिना मोडला तें म्हाताऱ्या माणसांनीं मुलांना सांगितलेलें आहे. शाळेंतील मुलांनीं तें विचारावें, तारखेसह वहींत उतरून घ्यावें, आणि शिक्षकांनीं तीं वह्यांचीं पानें जपून ठेवावीं. वर्गांत भंडारदऱ्याची उंची शिकवितांना त्याच्या दीडपट खोल पाण्याखालीं काय पडलें होतें, हेंहि सांगावें. मूल आधीं सोन्याबद्दलच विचारील. तें स्वाभाविक आहे. मग त्याला सांगावें कीं त्या बोटीवर सारंग होता, तांडेल होता, भट्टीवरचे लोक होते, आणि त्यांनाहि घरीं परत यावयाचें होतें.